झिंकची गोळी आणि मुलांची उंची

भंडारा जिल्ह्यात झिंकची पहिली ओळख होते ती धानाच्या बांधीत. रोवणी होऊन दोन-तीन आठवडे झाले, पानांवर तांबूस ठिपके दिसू लागले, रोपे खुजी राहिली आणि फुटवे येईनात, की कृषी केंद्रातून झिंक सल्फेट आणले जाते. हा खैरा रोग बुरशीने किंवा किडीने होत नसून रोपाला झिंक न मिळाल्याने होतो, हे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर पंतनगरला दाखवून दिले. पाणी साचलेल्या मातीत झिंक असले तरी मुळांना ते सहज उचलता येत नाही, म्हणून धानाला हा त्रास जास्त. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या परिसरातले शहापूर हे भंडाऱ्याच्या पश्चिमेला, नागपूर रस्त्यावरचे गाव. तिथल्या धान पिकवणाऱ्या घराला यात नवे काहीच वाटणार नाही. त्या घरातले मूल वर्गात सर्वांत ठेंगणे असेल आणि मुलांच्या अंगातही झिंक कमी पडते असे कुणी सांगितले, तर गोळी दिली की मूल वाढेल हे लगेच पटते. औषधाच्या दुकानात झिंकच्या बाटल्या असतात, भूक वाढवणारी आणि उंची वाढवणारी म्हणून विकली जाणारी टॉनिके असतात. मग शाळेतल्या सगळ्याच मुलांना रोज झिंक का देऊ नये? गेल्या साठ वर्षांत या प्रश्नावर जगभर जे काम झाले ते नीट वाचले, तर मला दिसते ते असे: उंचीसाठी सरसकट गोळी देण्याला पुरेसा आधार नाही. पण काही ठरावीक मुलांना झिंकची खरी गरज असते, भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात अशी मुले आहेत, आणि त्यांना शोधून काढण्याचे काम गोळी वाटण्यापेक्षा कितीतरी अवघड असल्याने मागे राहते.

या कथेची सुरुवात एका भारतीय डॉक्टरपासून होते. बिहारमधल्या बक्सरचे आणि पाटण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आनंद प्रसाद अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन १९५८ च्या सुमारास इराणमधल्या शिराझला गेले. तिथे त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आणला गेला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलासारखा होता. वयात येण्याची खूण नाही, रक्त अतिशय कमी, यकृत आणि प्लीहा वाढलेली. आसपासच्या खेड्यांत असे आणखी तरुण होते. जेवण म्हणजे जवळजवळ सगळे कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची न फुगवलेली रोटी, मांस क्वचित, शिवाय माती खाण्याची सवय. प्रसाद यांनी १९६१ मध्ये हे रुग्ण जगापुढे मांडले. नुसत्या लोहाच्या कमतरतेने वाढ अशी थांबत नाही, तेव्हा झिंकही कमी असावे, असा त्यांचा तर्क होता. पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांची त्यांनी रीतसर तपासणी केली. शरीरातले झिंक कमी असल्याचे १९६३ मध्ये दाखवले. झिंक दिल्यावर त्यातले काही तरुण वर्षभरात पाच-सहा इंच वाढले. तोवर माणसाला झिंक कमी पडू शकते हेच मानले जात नव्हते. अमेरिकेने आपल्या आहाराच्या शिफारशींत झिंक घेतले ते १९७४ मध्ये. हा शोध मोठा आहे, आणि पुढे दुबळी पडलेली झिंकची कीर्ती वाचताना त्याचे मोल कमी लेखणे चूक ठरेल. मात्र हेही ध्यानात ठेवायला हवे, की ते इराणी आणि इजिप्शियन तरुण टोकाच्या कमतरतेत वर्षानुवर्षे वाढलेले होते. त्यांच्या पाच-सहा इंचांवरून आजच्या चौथीतल्या मुलाबद्दल बोलता येत नाही.

झिंक कमी पडले की वाढ का खुंटते, याचे उत्तर पेशींच्या कामात आहे. शरीरातली तीनशेहून अधिक विकरे झिंकवर अवलंबून आहेत. पेशी दुभंगायची, तिने नवी प्रथिने बनवायची, हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेच्या थराने नवे हाड घडवायचे, तर झिंक लागतेच. लोह यकृतात साठवता येते, झिंकसाठी असे कोठार शरीरात नाही. रोजच्या जेवणातून आलेले रोज वापरले जाते, आणि येणे कमी झाले की शरीर सर्वांत आधी वाढीचा वेग कमी करून तूट भागवते. जीव वाचतो, उंची मागे राहते. पण यातच गोळीची मर्यादाही आहे. वाढीला झिंक लागते, तशी प्रथिने लागतात, एकूण अन्न लागते, लोह, आयोडीन, अ जीवनसत्त्व लागते, आणि सततच्या जुलाब-तापांपासून सुटका लागते. यांतले जे सर्वांत कमी पडत असेल तेच वाढ अडवते. ते झिंक असेल तर झिंकने फरक पडेल. ते दूध-डाळ-अंडे असेल, तर झिंकची गोळी पोटातून जाईल आणि उंचीची नोंद जागची हलणार नाही. भंडाऱ्याचा शेतकरी हे शेतात रोज पाहतो, पण मुलाच्या बाबतीत आपण सगळेच ते विसरतो.

आता प्रयोग पाहू. शाळेच्या वयातल्या मुलांवरचे प्रयोग लहान मुलांवरच्या प्रयोगांहून कमी आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. ग्वाटेमाला शहराच्या काठावरच्या वस्तीत पहिलीतल्या १६२ मुलांना २५ आठवडे रोज १० मिलिग्रॅम झिंक देण्यात आले, तुलनेच्या गटाला झिंक सोडून बाकी पोषकद्रव्ये मिळाली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दंडाच्या मापांत थोडा फरक दिसला, उंचीत दिसला नाही. झिंबाब्वेच्या ग्रामीण शाळकरी मुलांना वर्षभर शाळेच्या दिवशी झिंक देऊन पाहिले. पहिल्या तीन महिन्यांत वजन आणि स्नायूंवर परिणाम झाला, उंची तशीच राहिली. उलट बाजूला थायलंडमधला २०१८ चा प्रयोग आहे. तिथे १४० शाळकरी मुलांत सहा महिन्यांनी झिंक घेतलेल्या गटाची उंची सरासरी ५.६ सेंटिमीटरने, तर न घेतलेल्यांची ४.९ सेंटिमीटरने वाढली. उंचीसाठी झिंक हवेच असे म्हणणारे हा अभ्यास पुढे करतात. मला त्यातल्या सात मिलिमीटरच्या फरकापेक्षा दुसरा आकडा जास्त विचारात टाकतो. या वयातले मूल साधारणपणे वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. झिंक न घेतलेली मुले सहाच महिन्यांत पाचाच्या जवळ वाढली असतील, तर ती झपाट्याने वाढत होती, किंवा त्यांतली बरीच वयात येत होती, किंवा मोजमापात काही गडबड होती. कारण यांतले कोणतेही असो, १४० मुलांच्या एका अभ्यासावरून एखाद्या राज्याने आपले धोरण ठरवू नये. अशा छोट्या प्रयोगांत दोन्ही गटांत वयात येण्याच्या उंबरठ्यावरची मुले सारखी वाटली गेली नाहीत, तरी एवढा फरक सहज पडतो.

म्हणून सगळे प्रयोग एकत्र करून पाहणे भाग पडते. २००२ मध्ये केनेथ ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा उंचीवरचा परिणाम चांगलाच ठळक निघाला. आधीच खुजी असलेल्या मुलांत तो आणखी मोठा होता. झिंकबद्दलचा उत्साह बऱ्याच अंशी त्या लेखातून आला. पुढे मोठे प्रयोग होत गेले तसा परिणाम आकसत गेला. त्याच संशोधकांच्या २००९ च्या हिशेबात तो आधीच्या निम्म्यावर आला. कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये सहा महिने ते बारा वर्षे वयाच्या दोन लाखांहून अधिक मुलांचा समावेश असलेले ८० प्रयोग तपासले. २०२३ मध्ये प्रयोगांची संख्या ९६ झाली, तेव्हा उंचीवरचा परिणाम प्रमाणित मापात ०.१२ एवढा निघाला. व्यवहारात याचा अर्थ फरक मिलिमीटरांत मोजावा लागेल. संशोधकांनी तो खरा मानला, पण छोटा. उलटी होण्याचे प्रमाण मात्र झिंक घेणाऱ्यांत वाढलेले दिसले. परिणाम असा लहान का होत गेला, याचे माझ्या मते दोन भाग आहेत. सुरुवातीचे प्रयोग लहान होते आणि त्यांतले यशस्वी तेवढे छापून येण्याची शक्यता जास्त होती, हा एक. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. सुरुवातीला संशोधकांनी मुद्दाम खुजी, आजारी, कमतरता असलेली मुले निवडली होती, नंतरच्या प्रयोगांत वस्तीतली सगळीच मुले आली. ज्यांना झिंक कमी नव्हते त्यांच्यात काही घडणार नव्हतेच, आणि त्यांनी सरासरी खाली ओढली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जोरदार आहे. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात भारतातल्या पाच ते नऊ वर्षांच्या १७ टक्के मुलांत आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या ३२ टक्के मुलांत झिंकची कमतरता आढळली. किशोरवयात दर तिघांत एक. एवढी कमतरता असेल तर कुणाला आहे नि कुणाला नाही हे शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांना गोळी द्यावी, असे म्हणणारा माणूस बेजबाबदार नाही. सार्वजनिक आरोग्यात असे निर्णय घेतले जातात. मिठात आयोडीन घालताना आपण प्रत्येकाचा गळा तपासला नाही. पण या आकड्यांना जरा जवळून पाहायला हवे. रक्तातल्या झिंकवरून कमतरता ठरवताना जी रेषा वापरतात ती दहा वर्षांच्या खाली एक आणि दहाच्या पुढे दुसरी, वरची असते. म्हणजे १७ वरून ३२ वर जाणारी उडी काही अंशी रेषा सरकल्याने आलेली आहे. काही अंशी ती खरीही असणार, कारण वयात येताना वाढ जोर धरते आणि गरजही वाढते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज ५.९ मिलिग्रॅम झिंक सांगितले आहे, दहा ते बारा वर्षांच्या मुलाला ८.५. शिवाय रक्तातले झिंक ताप-खोकल्यात उतरते, सकाळ-संध्याकाळ बदलते, जेवणानंतर बदलते. वस्तीची एकंदर स्थिती सांगायला ते चालते, एका मुलाचे निदान करायला अपुरे पडते. कुणा मुलाच्या रक्तात झिंक कमी दिसले म्हणून त्याची उंची झिंकमुळेच अडली आहे, असा निष्कर्ष कोणताही जाणकार डॉक्टर काढणार नाही. आणि आयोडीनयुक्त मिठाची तुलना इथे चालत नाही, कारण आयोडीनचा गलगंडावरचा परिणाम मोठा आणि निर्विवाद होता. शाळकरी मुलांच्या उंचीवर झिंकचा तसा नाही.

दुसरा आक्षेप माझ्या दृष्टीने अधिक खोल आहे: सरासरीत बुडून गेलेल्या मुलांचे काय? शंभरांत ऐंशी मुलांना काही फरक पडला नाही आणि वीस मुले चांगली वाढली, तर सरासरी छोटीच दिसेल, पण त्या वीस मुलांसाठी ती गोष्ट छोटी नसते. हे मान्य करायलाच हवे. फक्त त्यातून निघणारा मार्ग वेगळा आहे. ती वीस मुले कोण, हे शोधणे. आणि पूर्व विदर्भात त्यांतल्या एका गटाचे नाव आपल्याला पक्के माहीत आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद छापली. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी समाजांत आणि इतरही अनेक समाजांत हा आजार आढळतो. सिकलसेलच्या मुलाच्या तांबड्या पेशी सतत फुटतात, त्यातले झिंक सुटे होते आणि लघवीवाटे वाजवीपेक्षा जास्त निघून जाते. जेवण इतरांइतकेच असले तरी या मुलाची तूट वाढत राहते. ही मुले बारीक, ठेंगणी आणि उशिरा वयात येणारी असतात हे पालक आणि शिक्षक दोघेही पाहतात. प्रसाद यांनीच १९७० च्या दशकात सिकलसेल आणि झिंकची कमतरता यांचा संबंध दाखवला. फिलाडेल्फियात बॅबेट झेमेल आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या चार ते दहा वर्षांच्या ४२ मुलांवर प्रयोग केला. वर्षभर रोज १० मिलिग्रॅम झिंक घेतलेली मुले न घेतलेल्यांपेक्षा सुमारे ०.६६ सेंटिमीटर अधिक वाढली. २००२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ०.६६ हा आकडा छोटा वाटेल, पण तो एका वर्षाचा आहे, आणि ज्या मुलांची वाढ मुळात मंद आहे त्यांच्यातला आहे.

या विषयातले एक महत्त्वाचे काम शहापूरपासून साठेक किलोमीटरच्या आत, नागपुरातच झाले आहे, आणि त्याची आठवण विदर्भातही फारशी काढली जात नाही. व्ही. एल. गुप्ता आणि बी. एस. चौबे यांनी सिकलसेलच्या १४५ रुग्णांवर झिंक सल्फेटचा प्रयोग केला. कुणाला औषध आणि कुणाला नुसती साखरेची गोळी हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, अशी त्याची रीत होती. दीड वर्षात झिंक घेणाऱ्यांना वेदनांचे झटके लक्षणीय कमी आले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही जगातल्या आढाव्यांत उद्‌धृत होतो. त्याने उंची मोजली नव्हती हे खरे. मात्रा मोठी होती, २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट दिवसातून तीनदा, म्हणजे मुलाच्या रोजच्या गरजेच्या कितीतरी पट, हेही खरे. म्हणून ती मात्रा कुणी घरी मुलाला देऊ नये. आणि चित्र एकाच बाजूचे नाही. युगांडातल्या जिंजा इथे सिकलसेलच्या पाच वर्षांखालील २५० मुलांना रोज १० मिलिग्रॅम झिंक देऊन पाहिले, तेव्हा जंतुसंसर्ग कमी झाले नाहीत. सिकलसेलच्या प्रत्येक तक्रारीवर झिंक हा उपाय आहे, असे म्हणायची त्यामुळे सोय नाही. पण वाढ मागे पडलेल्या सिकलसेलच्या मुलाच्या बाबतीत झिंकचा विचार उपचार करणाऱ्या डॉक्टरने करावा, एवढे म्हणण्याइतका आधार निश्चित आहे. जुलै २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू झाले. त्यात तपासणी, कार्ड, हायड्रॉक्सियुरिया हे औषध, समुपदेशन यांवर भर आहे, आणि तो योग्य आहे. त्याच कार्डावर मुलाची उंची दर सहा महिन्यांनी लिहिली गेली, तर झिंक कुणाला द्यायचे या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळेल.

झिंकचा दुसरा पक्का उपयोग जुलाबातला आहे, आणि तो थोडक्यात सांगता येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ पासून जुलाब झालेल्या लहान मुलाला ओआरएससोबत दहा ते चौदा दिवस झिंक द्यायला सांगितले आहे. आपल्याकडे आशा ताईंच्या पिशवीत त्या गोळ्या असतात. जुलाब थांबला की पालक गोळ्याही थांबवतात, हे चुकते. त्या गोळ्यांचा हेतू जुलाब आवरणे आणि लवकर उलटू न देणे हा आहे. घरात उरलेली पाकिटे मोठ्या भावंडाला उंचीसाठी देण्याला त्यातून आधार मिळत नाही.

मग बाकीच्या मुलांचे काय? त्यांच्यासाठी ताटाकडे वळावे लागते. भंडारा जिल्ह्याचे मुख्य अन्न भात, आणि पसंती बारीक, पांढऱ्या, चांगल्या पॉलिश केलेल्या तांदळाला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार अशा १०० ग्रॅम तांदळात सुमारे १.२ मिलिग्रॅम झिंक असते. प्राथमिक शाळेच्या पोषण आहारात एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य धरलेले आहे. डाळीचे जवळपास अर्धा मिलिग्रॅम धरले, भाजी-तेलाचे थोडे धरले, तर दुपारच्या त्या ताटात दोन मिलिग्रॅमच्या आसपास झिंक येते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची गरज ५.९. एका जेवणातून तिसरा हिस्सा मिळाला हे वाईट नाही. पण ज्या घरात सकाळी चहा-पोळी किंवा शिळा भात आणि रात्री पुन्हा भात-भाजी, तिथे उरलेले चार मिलिग्रॅम कुठून येणार? शिवाय डाळींतल्या आणि कोंड्यासकट धान्यातल्या फायटेट नावाच्या द्रव्यामुळे झिंकचा काही भाग आतड्यात अडकून वाया जातो. शिराझच्या तरुणांचे दुखणे त्या रोटीतल्या फायटेटने वाढवले होते. कडधान्य भिजवले, मोड आणले, पीठ आंबवले की फायटेट कमी होते. मोड आलेले कडधान्य शाळेच्या आहारात घेण्याचा राज्याचा निर्णय म्हणूनच चवीपुरता नाही. अंडे, मासोळी, मटण यांत फायटेट नसते, त्यामुळे त्यांतले झिंक अधिक सहज शोषले जाते. तळ्यांच्या या जिल्ह्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांतली मासोळी आणि झिंगे गरिबाच्या घरातही शिजतात, पण रोज नाही, आणि मुलाच्या वाट्याला किती येते हे घरागणिक वेगळे. तीळ, भुईमूग, हरभरा यांत झिंक बऱ्यापैकी असते. बांधावरची तूर आणि धानानंतरचा हरभरा, लाखोळी ही या भागाची जुनी सोय आहे.

हा आहाराचा मार्ग बोलायला सोपा आणि परिणामाला दुबळा, असा तिसरा आक्षेप घेतला जातो. मुलाची वाढ आज चालू आहे, ताट सुधारायला पिढी लागेल, तोवर गोळी का नको? याला पुण्याच्या कामातून काही उत्तर मिळते. शशी चिपळूणकर आणि रमा तुपे यांनी पुण्यातल्या १८० शाळकरी मुलींवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. काहींना झिंकची गोळी, काहींना झिंकने समृद्ध असे रोजच्या वापरातले खाद्यपदार्थ दिले. रक्तातले झिंक सुधारले, चव ओळखण्याची क्षमता आणि काही बौद्धिक चाचण्यांतली कामगिरीही सुधारली. म्हणजे योजून केलेल्या खाण्याने आठवड्यांत फरक पडू शकतो, पिढी लागत नाही. या प्रयोगातून उंचीबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि मी तसे म्हणत नाही. पण त्यात खाद्यपदार्थांसोबत प्रथिने, स्निग्धांश, इतर खनिजे आपोआप आली, आणि वाढीसाठी झिंकला हीच सोबत लागते. म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेत आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला, हे पाऊल मागे घेतलेले पाहून वाईट वाटते. एका अंड्यातले झिंक अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर फारसे नसते. तरी त्यात उत्तम प्रथिने आहेत आणि गरीब मुलाच्या ताटात ते खात्रीने पोचत होते. झिंकच्या गोळ्यांवर खर्च करायला कुणी तयार असेल, तर तो पैसा आधी अंड्यावर जावा, आणि जे खात नाहीत त्यांच्यासाठी भुईमूग-तिळाच्या लाडवावर.

गोळी स्वस्त आहे आणि तिने नुकसान तर नाही, हे चौथे म्हणणे. स्वस्त आहे, खरे. नुकसानाबद्दल इतके निश्चिंत राहता येत नाही. झिंक दीर्घकाळ जास्त घेतले की तांब्याचे शोषण अडते, आणि त्यातून रक्ताच्या नव्याच तक्रारी उभ्या राहतात. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमच्या आसपास मानतात. एका चमच्यात २० मिलिग्रॅम असलेले सिरप महिनोन्‌महिने दिले तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते. शाळेत आधीच आठवड्याला लोहाची गोळी दिली जाते, लहान मुलांना गुलाबी आणि किशोरांना निळी. लोह आणि झिंक एकदम रिकाम्या पोटी मोठ्या मात्रेत गेले तर एकमेकांच्या शोषणात अडथळा आणतात. वर्षातून दोनदा जंताची गोळी असते. शिक्षकांच्या हातात आणखी एक रोजची गोळी दिली, पहिल्या आठवड्यात चार मुलांना उलट्या झाल्या, तर पालकांचा राग झिंकपुरता थांबणार नाही. तो लोहाच्या गोळीवर आणि जंताच्या गोळीवरही निघेल, आणि त्या दोन्हींचा फायदा अधिक पक्का आहे. सगळ्यात मोठे नुकसान मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. उंचीची बाटली सुरू झाली की पालकाला काहीतरी केल्याचे समाधान मिळते, आणि थायरॉइड, सिलिॲक, जुनाट मूत्रपिंडाचा विकार, सिकलसेल, संप्रेरकांची कमतरता अशी खरी कारणे असलेले मूल दोन-तीन वर्षे तपासाविना राहते. वयात येऊन हाडांची टोके जुळली की मग उपचाराची वेळ निघून गेलेली असते.

म्हणूनच सगळी भिस्त मोजणीवर आहे, आणि मोजणीच सर्वांत कच्ची राहते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्यातली वैद्यकीय पथके शाळांत जातात आणि उंची-वजन नोंदवतात. एका वर्षाच्या उंचीवरून मूल ठेंगणे आहे एवढेच कळते. बुटक्या आईवडिलांचे निरोगी मूलही ठेंगणे असू शकते. दोन नोंदींमधला फरक अधिक सांगतो. सात-आठ वर्षांचे मूल वर्षात चार सेंटिमीटरही वाढले नाही, तर ते वर्गात मधल्या रांगेत बसत असले तरी तपासायला हवे. यासाठी तक्ते आपल्याकडे तयार आहेत. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते पुण्याच्या वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने आले, त्यांत पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलामुलींची वाढ दिलेली आहे. चप्पल काढून, टाच भिंतीला लावून, त्याच पट्टीवर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे आणि आकडा मुलाच्या नावापुढे आधीच्या आकड्याशेजारी लिहायचा, एवढे शहापूरच्या शाळेतही होऊ शकते. वेग मंद निघाला तर पुढची वाट स्पष्ट आहे: प्राथमिक आरोग्य केंद्र, रक्ताची आणि सिकलसेलची तपासणी, आहाराची चौकशी, गरज असल्यास भंडाऱ्याचे सामान्य रुग्णालय किंवा नागपूर. डॉक्टरला झिंक द्यावेसे वाटले तर ठरलेल्या मात्रेत, तीन-सहा महिने, आणि शेवटी पुन्हा मोजून. फरक पडला नाही तर बंद. अशा रीतीने दिलेल्या झिंकला माझा विरोध नाही. ते प्रसाद यांच्या पद्धतीला धरून आहे, त्यांनी आधी रुग्ण ओळखला आणि मग औषध दिले.

सगळ्या मुलांपर्यंत झिंक पोचवायचेच असेल, तर गोळीपेक्षा तांदळाची वाट मला अधिक भरवशाची वाटते, कारण तो रोज ताटात येतोच. सरकारी तांदळात गेल्या काही वर्षांत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळले गेले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत झिंकही आहे, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, पण ते ऐच्छिक. ते घातले तर शाळेच्या १०० ग्रॅम तांदळात एक ते दीड मिलिग्रॅम झिंक वाढेल. दुसरा रस्ता बियाण्याचा. हैदराबादच्या तांदूळ संशोधन संस्थेचे डीआरआर धान ४५ हे वाण पॉलिश केल्यावरही किलोमागे सुमारे २२ मिलिग्रॅम झिंक ठेवते, नेहमीच्या वाणांच्या जवळपास दुप्पट. शेजारच्या रायपूरच्या कृषी विद्यापीठानेही झिंकयुक्त धानाची वाणे काढली आहेत. भंडाऱ्यातल्या बांधीत ती चालतील की नाही हे उत्पन्न, बाजारभाव आणि दाण्याच्या बारीकपणावर ठरेल. ज्या पट्ट्यात दादाजी खोब्रागडे यांच्या एचएमटी या बारीक दाण्याच्या धानाने घराघरांत जागा मिळवली, तिथे जाड दाण्याला गिऱ्हाईक मिळणे सोपे नाही. आणि बांगलादेशात लहान मुलांना झिंकयुक्त तांदूळ नऊ महिने खाऊ घातला, तेव्हा रक्तातले झिंक वाढलेले दिसले नाही. त्यामुळे मानक बदलण्याआधी एखाद्या धानपट्ट्यातल्या तालुक्यात दोन वर्षे हा तांदूळ शाळांना देऊन, शेजारच्या तालुक्याशी तुलना करून, मुलांची उंची दर सहा महिन्यांनी मोजायला हवी. पूर्व विदर्भात त्यासाठी लागणारे सारे आहे: तांदूळ, शाळा, पथके, आणि झिंकवर आधीच काम केलेले नागपूर.